चार कॅमेरे, एकच भांडण

परीक्षकांच्या घरात एखादी वस्तू नुसती विकत घेतली, असं कधी होत नसे. वस्तू आधी परीक्षेला बसे, आणि तिच्याबरोबर घरची माणसंही बसत. ग्राहकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात परीक्षक तपासणी विभागाचे प्रमुख होते. विभागात ते एकटेच असल्यामुळे त्यांच्या प्रमुखपदाला आजवर कोणी हरकत घेतली नव्हती. कार्यालयात त्यांना एक खोली दिलेली होती, पण तिच्यात जुन्या तपासण्यांची खोकी छताला टेकलेली. तेव्हा खरी प्रयोगशाळा म्हणजे घर, आणि खरी उपकरणं म्हणजे आई, बायको आणि मुलगी.

छत्र्यांची तुलना झाली तेव्हा त्यांच्या आई न्हाणीघरात शॉवरखाली स्टूल टाकून बसल्या होत्या, अंगात लोकरीचा स्वेटर घालून. कारण पाणी कुठून झिरपतं ते लोकरीवर चांगलं कळतं. गाद्यांच्या वेळी घरातलं प्रत्येक माणूस दर आठवड्याला वेगळ्या खोलीत झोपे आणि सकाळी चूळ भरायच्या आधी आपल्या पाठीबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देई. डाग काढणाऱ्या साबणांच्या वेळी मुलीच्या शाळेच्या सदऱ्यावर मोजूनमापून शाई सांडण्यात आली. शाळेतून तक्रारीची चिठ्ठी आली, तिलाही परीक्षकांनी मुद्देसूद उत्तर पाठवलं. या सगळ्यामागे त्यांचं एक तत्त्व होतं, आणि ते जेवताना, झोपताना, आजारपणातसुद्धा ऐकवत असत: जी गोष्ट तपासायची तेवढीच बदलायची, बाकी कशाला धक्का लागू द्यायचा नाही.

त्यांची बायको एका कारखान्यात दातांच्या कवळ्या बनवत असे. गल्लीत तिला परीक्षकीणबाई म्हणत, ते तिला मुळीच आवडत नसे. कारखान्यात ताई म्हणत, ते आवडे. तेव्हा आपणही ताईच म्हणू. ताईचा हात बसलेला होता. तिने केलेली कवळी घालून लोक सफरचंद खात, शिट्टी वाजवत, आणि मुख्य म्हणजे मोठ्याने भांडत. कवळी बाहेर येईल ही धास्ती त्यांना नसे. कारखान्याच्या मालकांना हे पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या एका गावात ते नवा कारखाना काढत होते, आणि रविवारी त्यांनी ताईला मुद्दाम बोलावून घेतलं.

"तिथला सगळा कारभार तुझ्याकडे," मालक म्हणाले. "आठवडाभर तिथं राहायचं, शनिवार-रविवार घरी. शुक्रवारी दुपारपर्यंत मला हो का नाही ते सांग. नाहीतर मला बाहेरचा माणूस बघावा लागेल."

तो बाहेरचा माणूस कोण, हे ताईला न सांगताच कळलं. पलीकडच्या रस्त्यावरचा. त्याच्या कवळ्या घातल्या की गावातले सगळे म्हातारे एकाच घोड्याचे वंशज दिसत. त्याच्या हाती नवा कारखाना जाणार या विचारानेच तिचे स्वतःचे दात आंबले.

ताईला जायचं होतं. मनापासून जायचं होतं. त्यासाठी तिला कोणाच्या परवानगीची गरजही नव्हती. पगार तिचा, पाय तिचे, आणि मुलगी आता स्वतःची वेणी स्वतः घालण्याएवढी झालेली. पण इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपल्या एखाद्या गोष्टीवर सरळ काहीतरी बोलावं, हो म्हणावं, नाही म्हणावं, गेला बाजार चिडावं तरी, एवढं एक तिला हवं होतं. त्याच्या उत्तराशिवाय गेलं तर आपण गेलो असं होणार नाही, नुसते घरात सापडत नाही असं होईल, असं तिला वाटे.

तिने रविवारी संध्याकाळीच विषय काढला. परीक्षक तेव्हा चार नव्या व्हिडिओ कॅमेऱ्यांवरच्या कंपन्यांच्या नावांवर काळी चिकटपट्टी लावत होते. नाव दिसलं की माणूस वस्तू बघत नाही, नाव बघतो, असं त्यांचं म्हणणं.

"बघू," पट्टी दाताने तोडत ते म्हणाले.

हे 'बघू' म्हणजे परीक्षकांचं जुनं खातं होतं. त्यात जमा सतत होत असे, खर्ची मात्र काही पडत नसे. माहेरी जाण्याबद्दलचं बघू, भिंतींच्या रंगाबद्दलचं बघू, ताईच्या गुडघ्याच्या डॉक्टरबद्दलचं बघू, सगळी तिथं सुखाने पडून होती.

*

कॅमेऱ्यांना नावं मिळाली क, ख, ग आणि घ. क चांगला दणकट, खांद्यावर घ्यायचा. घेतला की परीक्षक झोपलेलं मूल घेऊन फिरणाऱ्या बापासारखे दिसत. ख तळहातात मावणारा, इतका हलका की त्याच्यातलं चित्र श्वासाबरोबर खाली-वर होई. ग ला बाजूने उघडणारा छोटा पडदा होता. आणि घ हाताचा कंप आपोआप काढून टाकतो, असं त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं.

"दुकानात हे लोक काय दाखवतात?" सोमवारी परीक्षकांनी घरच्यांसमोर बोलायला सुरुवात केली. "कारंजी आणि पोपट. आता घरोघर काय कारंजी असतात? माणूस घरातला कॅमेरा घेतो तो घरातली माणसं टिपायला. तेव्हा आपण संध्याकाळचा चहा घेणार."

"घेतोच की रोज," सासूबाई म्हणाल्या.

"तो नव्हे, आई. कॅमेऱ्यासमोरचा."

मांडणी ठरली. सासूबाईंनी खिडकीशी बसून मटार सोलायचे. मुलीने, म्हणजे चिंगीने, टेबलापाशी पुस्तक वाचायचं. ताईने आतून चहाचा ट्रे घेऊन यायचं, कप ठेवायचे, दोन शब्द बोलायचे. काहीही, नैसर्गिक.

पहिली पाळी क ची. ताई ट्रे घेऊन दारात आली. परीक्षकांचा डावा डोळा घट्ट मिटलेला, उजवा कॅमेऱ्याला लावलेला, आणि तो उजवा डोळा तिच्यावर रोखलेला. या माणसाने आपल्याकडे सलग इतका वेळ शेवटचं कधी पाहिलं, हे ताईला काही केल्या आठवेना. तिने ठरवलं नव्हतं, पण तोंडून गेलंच.

"अहो, मी जाऊ की नको, ते सांगा."

"चालत राहा. कप ठेव."

"कप ठेवते. पण मालकांना शुक्रवारी सांगायचंय मला. काल विचारलंय तुम्हाला."

"बघू."

"काय बघू? माझ्याकडे दातांचं माप द्यायला लोक येतात ना, तेसुद्धा आ करतात हो. तुम्ही तोंडच उघडत नाही!"

आता सासूबाईंना राहवेना. "मी म्हणते, घर म्हणजे काय लॉज आहे? शनिवारी यायचं नि सोमवारी निघायचं! स्वयंपाकाचं कोण बघणार?"

"आजी, मला अंडी उकडता येतात," चिंगी पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाली.

"तू गप्प बस. अंड्यांवर घर चालत नाही."

"सगळी हयात दुसऱ्यांना चावता यावं म्हणून घालवली मी," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज मध्येच चिरला. "एकदा माझ्याही दातांखाली काहीतरी येऊ दे की!"

ट्रे कलंडला, एक कप घरंगळला आणि फरशीवर फुटला. मटाराची एक शेंग सासूबाईंच्या हातात अर्धवट उघडून थांबली. मग कॅमेऱ्यामागून आवाज आला.

"जरा डावीकडे सरक. आईच्या तोंडावर तुझी सावली पडतेय."

ताई सरकली. का सरकली, ते तिला पुढे कितीतरी वेळ कळलं नाही.

परीक्षकांनी तिथल्या तिथे टेप मागे घेतली आणि कॅमेऱ्यातच डोळा घालून सगळं पुन्हा पाहिलं. त्यांचा चेहरा उजळत गेला. "अगं, सोनं आहे हे!"

ताईने चटकन मान वर केली. ऐकलं वाटतं ह्यांनी.

"हळू आवाज आहे, चढा आवाज आहे, रडवेला आवाज आहे. शेंग मोडल्याची बारीक खुट्ट आहे, वर कप फुटल्याची खळ्ळ! एका चहात सगळं. आता हे असंच्या असं बाकीच्या तिघांसमोर झालं पाहिजे."

"असंच्या असं म्हणजे?" ताईने विचारलं.

"म्हणजे भांडण हेच. शब्द हेच, जागा ह्याच. नाहीतर तुलना कशाच्या जोरावर करणार?"

ताईने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी छताकडे पाहिलं. शॉवरखालचे दिवस त्यांना आठवले असावेत. रागाने उठून जावं असं ताईच्या मनात आलं, पण त्याच्या पाठोपाठ दुसरंही आलं. म्हणजे हाच प्रश्न ह्यांना अजून तीनदा विचारायला मिळणार, आणि तीनही वेळा ह्यांचे कान उघडे असणार. आवाज तपासायचाय ना! इतक्यांदा विचारल्यावर भिंतसुद्धा एखादा पोपडा टाकेल.

"करते," ती म्हणाली.

*

मंगळवारी फुटलेल्या कपाच्या जोडीचे कप शोधायला परीक्षकांनी अख्खा बाजार पालथा घातला. साधे, निळ्या काठाचे, कुठल्याही दुकानात मिळतील असे कप. पण तेच हवेत म्हटल्यावर कुठेच मिळेनात. अखेर संध्याकाळी पिशवीभर घेऊन आले, दमलेले आणि तृप्त. ताईच्या चष्म्याची काडी तुटली तेव्हा हाच माणूस कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं. ध्यानात येऊ द्यायला नको होतं, पण आलं.

चिंगीने टेप ऐकून सगळ्यांचे शब्द लिहून काढले होते आणि ती आता कॅमेऱ्याबाहेरून आठवण करून देण्याचंही काम बघत होती. ख समोर दुसरी पाळी सुरू झाली.

"अहो, मी जाऊ की नको, ते सांगा," ताई म्हणाली. रेशनच्या रांगेत नंबर सांगावा तसं निघालं ते.

परीक्षकांनी कॅमेरा खाली घेतला. "असं नको. काल तू जास्त मनापासून बोलली होतीस."

"मनापासून?"

"हो. म्हणजे बघ, काल तुला खरोखर जायचंय असं वाटत होतं."

यावर ताईचं जे डोकं फिरलं, त्याने पाळी कालच्यापेक्षा चांगली रंगली. शब्द तेच होते, पण प्रत्येक शब्दाला धार चढली होती. सासूबाईंनाही चेव आला. 'लॉज'च्या पुढे त्यांनी 'आमच्या वेळी' असं सुरू केलं, तेव्हा परीक्षकांनी त्यांना हात करून थांबवलं. शेवटी ताईने कप उचलला आणि सरळ फरशीवर आपटला.

"कप पडला पाहिजे, आपटायचा नाही!" परीक्षक कळवळून म्हणाले. "आपटल्याचा आवाज वेगळा येतो."

"बाबा, आईला खरंच राग आलाय," चिंगी म्हणाली.

"राग खराच हवा. कप तेवढा पडू दे."

दुसरा कप काढला. शहाण्या माणसाने जादा आणून ठेवले होते. तो शिस्तीत पडला. परीक्षकांचं 'बघू'ही योग्य जागी आलं होतं, आणि ख चं काम झालं.

बुधवारी ग ची पाळीही तशीच पार पडली. सगळे आता सरावले होते. ताईचा आवाज नेमक्या शब्दावर चिरत होता आणि ते तिचं तिलाच भयंकर वाटत होतं. खरी गंमत नंतर झाली. ग चं चित्र मोठ्या पडद्यावर कसं दिसतं ते बघायला परीक्षकांनी वायर जोडून ते टीव्हीवर लावलं, आणि सासूबाईंनी पहिल्यांदाच स्वतःला बोलताना पाहिलं.

"ही कोण?"

"तू, आजी," चिंगी म्हणाली.

टीव्हीतल्या सासूबाई मान तिरपी करून, ओठ मुडपून विचारत होत्या, घर म्हणजे काय लॉज आहे? खुर्चीतल्या सासूबाई पुढे झुकल्या.

"मागे घे रे ते."

परीक्षकांनी मागे घेतलं. त्यांना वाटलं, आई रंग बघतेय. "हिरवा जरा फिकट येतोय ना?" त्यांनी विचारलं.

"हिरवा गेला खड्ड्यात. हे तोंड माझं नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सासूचं आहे. मला वाचनालयात नोकरी लागत होती, तुझ्या जन्माच्या आधी. तिने अस्संच तोंड करून विचारलं होतं, घर म्हणजे लॉज आहे का. मी नोकरी सोडली. आणि तिचं वाक्य बघ कसं नीट घडी घालून ठेवलं होतं मी!"

परीक्षकांनी टेपवर 'ग' असं लिहिलं.

गुरुवारी घ समोर बसताना सासूबाईंनी मटाराच्या शेंगांचं सुपडं लांब सारलं. "मी नाही म्हणणार ते. जाऊ दे तिला. स्वयंपाक मी करीन, नाहीतर खाऊ अंडी."

इतक्या वर्षांत या बाईने आपली बाजू घेतल्याचं ताईला आठवत नव्हतं. पण परीक्षकांच्या कपाळाला घाम फुटला होता.

"आई, असं करू नकोस ग. तीन कॅमेऱ्यांसमोर तू विरोध केलायस. चौथ्यासमोर पाठिंबा दिलास तर सगळी तपासणी पाण्यात!"

"मग मी काय करू? मत बदललंय माझं."

"तुझं मत तुझ्यापाशी ठेव. वाक्य तेवढं तेच म्हण."

सासूबाई म्हणाल्या. शाळेतलं मूल पाठांतर म्हणून दाखवतं तशा, एका दमात, खिडकीकडे बघत. आणि 'निघायचं' झाल्यावर सुनेच्या पाठीवरून हळूच हात फिरवला. ताईला जिथे रडायचं होतं तिथे हसू आलं. चिंगीही हसायला लागली. कप मात्र वेळेवर पडला.

"हा अन्याय आहे," परीक्षक कॅमेरा बंद करत खिन्नपणे म्हणाले. "सरळसरळ अन्याय."

ताईने चमकून पाहिलं. "कोणावर?"

"ह्याच्यावर." त्यांनी घ वर हात ठेवला.

*

शुक्रवारी सकाळी कार्यालयात टेपा गुण देणाऱ्यांपुढे लागल्या. मासिकाची ही जुनी रीत: यंत्राला काय कळतं ते परीक्षकांनी सांगायचं, आणि माणसाला काय कळतं ते सांगायला चार वाचक बोलवायचे. यावेळी एक सलूनवाले होते, एक शिंपीणबाई होत्या, आणि एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं, ज्यांना पुढेमागे घरात पाळणा हलला की कॅमेरा घ्यायचा होता. घरचं कोणीतरी हजर असावं म्हणून संपादकबाईंनी ताईला बोलावलं होतं. ताई कारखान्यातून अर्धी रजा काढून आली. ती निघताना मालकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं होतं.

क लागला. चौघांनी चित्र बघितलं, मान डोलावली, कागदावर पेन्सिली फिरल्या. ख लागला. जोडप्यातल्या नवऱ्याने विचारलं, "परत तेच?" परीक्षकांनी तत्त्व समजावून सांगितलं. ग लागला तेव्हा पेन्सिली थांबल्या होत्या, आणि नवरीने आपली खुर्ची नवऱ्यापासून जराशी बाजूला घेतली. घ संपला.

"एक विचारू का, साहेब?" सलूनवाले म्हणाले. गिऱ्हाइकाच्या गळ्यापाशी वस्तरा धरून संसाराच्या गोष्टी काढायची त्यांना सवय होती. "ह्या बाई चारदा विचारतायत. तुम्ही उत्तर का देत नाही?"

"आपल्याला आवाज स्पष्ट आहे का, एवढंच बघायचंय."

"आवाज स्पष्ट आहे," शिंपीणबाई म्हणाल्या. "उत्तर नाही स्पष्ट."

"आणि तसं बघितलं तर," सलूनवाले सोडेनात, "चारही कॅमेऱ्यांत तुमचं 'बघू' काय ठणठणीत येतंय! बाईंचा आवाज आपला लांबून, विहिरीतून आल्यासारखा."

"त्याचं कारण तांत्रिक आहे," परीक्षकांना इथे जरा हुरूप आला. "माइक कॅमेऱ्याला लावलेला असतो. त्यामुळे जो कॅमेरा धरतो त्याचा श्वाससुद्धा मोठा ऐकू येतो आणि समोरच्याचं बोलणं बारीक. घरगुती कॅमेऱ्यांत हा दोष सगळीकडेच आहे."

"घरांतही आहे," नवरी पुटपुटली. नवऱ्याने पेन्सिलीचं टोक तपासायला घेतलं.

संपादकबाईंनी कागद गोळा केले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. क ला सगळ्यांत जास्त गुण होते. आवाजाच्या रकान्यात शिंपीणबाईंनी लिहिलं होतं, 'बाई अगदी पोटातून बोलतात.' घ ला सलूनवाल्यांनी कमी गुण दिले होते; शेरा होता, 'सासू ओढूनताणून.'

"तुम्ही भांडणाला गुण दिलेत!" परीक्षक जवळजवळ ओरडले. "कॅमेऱ्याला द्यायचे होते!"

"कॅमेरा आम्हाला दिसलाच नाही हो," नवरा म्हणाला. "आणि तुम्हीही नाही दिसलात. चारही टेपांत तुम्ही कुठेच नाही. मला तर आधी वाटलं, बाई विधवा आहेत आणि भिंतीशी बोलतायत."

ताईला हसू आलं, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की हे खरं आहे. घरात उद्या हीच टेप लावली तर सासूबाई असतील, चिंगी असेल, मटार असतील, फुटका कप असेल. हा माणूस नसेल. त्याचा नुसता एक शब्द असेल. तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी तिला त्याच्याबद्दल कसंतरीच वाटलं.

ती उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आता तुमच्या हातात कॅमेरा नाही. मालक दुपारपर्यंत थांबणार आहेत. मी जाऊ की नको?"

"इथं? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांनी चारदा ऐकलंय. आता कोणापासून काय लपवायचंय?"

परीक्षकांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. एकदा खिशात घातले, एकदा मागे बांधले, मग उजवा हात आपोआप डोळ्यापाशी गेला आणि तिथे काहीच नाही हे बघून खाली आला. दोन्ही डोळ्यांनी बघायची वेळ आली तेव्हा ते खूपच लहान दिसायला लागले.

"मला सांगता येत नाही," ते म्हणाले. "टाळत नाहीये मी. तू असताना घर कसं चालतं ते मला माहीत आहे. तू नसताना कसं चालेल, ते मी कधी तपासलेलं नाही. न तपासलेल्या गोष्टीवर मत कसं द्यायचं?"

"आणि?" ताई म्हणाली. त्यांच्या बोलण्याचा शेवट अजून झालेला नाही, हे तिला कळत होतं. कवळी पक्की बसायच्या आधी जबडा जसा एकदा अडतो, तसे ते अडले होते.

"आणि तपासायचंही नाहीये मला. निकाल आधीच ठाऊक आहे. वाईट आहे." त्यांनी घसा साफ केला. "जाऊ नये असं वाटतं मला. अडवावं असंही वाटत नाही. हे एकाच रकान्यात कसं लिहायचं, ते कळत नव्हतं म्हणून बघू म्हणत होतो."

शिंपीणबाईंनी हातातला कागद उगाचच उलटा केला.

ताईला उत्तर मिळालं होतं. तिला वाटलं होतं तसं एका शब्दाचं नव्हतं, सरळ तर नव्हतंच. पण तिच्याकडे बघून दिलेलं होतं, आणि त्यात कोणाला डावीकडे सरकायला सांगितलेलं नव्हतं.

"हे रविवारीच बोलला असतात तर?" ती म्हणाली.

"तर तू गेली नसतीस?"

"गेले असते. पण आठवडाभर चहा तरी धड प्यायला मिळाला असता." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मी जातेय. तुम्ही तपासा. वाईट निघालं तर मला सांगा. बघू म्हणू नका, सांगा. फोन करून सांगा."

परीक्षकांनी मान हलवली. पुढे काहीतरी विचारायला त्यांनी तोंड उघडलं. बहुधा किती दिवस तपासायचं ते. पण संपादकबाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला, तेव्हा ते नुसतेच तिच्याकडे बघत राहिले.

संपादकबाईंच्या टेबलावरून ताईने कारखान्यात फोन लावला. तिकडे पहिल्याच घंटेला मालकांनी उचलला, म्हणजे ते फोनपाशीच बसून होते.

"बोल. घरी विचारलंस का?"

"विचारलं. चारदा विचारलं."

"काय म्हणाले?"

ताईने दारातून आत पाहिलं. सलूनवाले परीक्षकांना खुर्चीत बसवून काहीतरी समजावत होते, आणि परीक्षक, नवलच म्हणायचं, ऐकत होते.

"जाऊ नकोस म्हणाले, आणि अडवणार नाही म्हणाले."

"म्हणजे तू येतेस की नाही?"

"येते. सोमवारी सकाळी येते. पण मालक, आधी मला एक सांगा, तिथल्या कामाच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे? दिव्याच्या पिवळ्या उजेडात दातांचा रंग जुळवायला मी बसणार नाही. खिडकी नसेल तर रविवारच्या आत भिंत फोडून घ्या."